माझ्या नावाची डुकरीण

आमच्या घराण्यानं या शहराला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी ताठ मानेनं सांगतो, डुकरं दिली. कोणी दरवाजे बांधून दिले, कोणी मकबरा दिला, डोंगर कोरून कोणी लेणी दिली. आम्ही डुकरं दिली. खाम नदीच्या काठानं, नाल्यानाल्यानं, उकिरड्यांवर जी काळी डुकरं फिरायची, त्यातली बरीचशी माझ्या बापाची. शहराची घाण तीच खायची आणि घाणेरडी म्हणून दगडही त्यांनाच बसायचे. थोडे आम्हाला बसायचे. नेम चुकायचा म्हणून नाही, नेम धरूनच.

पुढं शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, नाल्यांवर सिमेंटचे स्लॅब पडले. मी डुकरं सोडून गवंड्याच्या हाताखाली गेलो, मग स्वतः गवंडी झालो. डुकरांचं पुढं काही भलं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि म्हातारपणी कळलं की जगातले मोठमोठे शिकलेले लोक डुकरांच्या दारात रांग लावून उभे आहेत. माणसाला गुर्दा पाहिजे, काळीज पाहिजे, तर ते डुकराच्या गर्भात वाढवायचं आणि माणसात आणून बसवायचं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की बापाचा एखादा फोटो काढून ठेवायला पाहिजे होता. क्रांती चौकात लावला असता.

ही बातमी मला मशीनवर पडल्यापडल्या कळली. मशीन म्हणजे डायलिसिसचं. माझे दोन्ही गुर्दे एकदम संपावर गेले होते. डॉक्टर लोक किडनी म्हणतात, आम्ही गुर्दाच म्हणत आलो. तसं बघितलं तर चूक गुर्द्यांची नव्हती. रक्तदाबाची गोळी रोज घ्या असं एका डॉक्टरनं सांगितलं होतं. तो माझ्या पोरापेक्षा लहान, आणि बोलायला सुरुवात केली ती ‘काय आजोबा’ म्हणून. ज्याला मी नातू म्हणून पत्करला नाही त्याची गोळी मी का खावी? नाही खाल्ली. पाय सुजले तेव्हा नवीन चप्पल घेतली. तोंडाची चव गेली तेव्हा म्हातारीच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. शेवटी दम लागून पडलो, तेव्हा उचलून न्यायला चार जण लागले. म्हणजे इभ्रतीनंच गेलो.

आठवड्यातून तीनदा त्या मशीनला जोडून घ्यायचं. डाव्या हातात शिरा जोडून एक जागा करून ठेवली होती, तिच्यावर कान ठेवला की आत चक्की चालल्यासारखी घरघर ऐकू यायची. त्या हातात दोन सुया. एकीनं रक्त बाहेर जायचं, दुसरीनं धुऊन परत यायचं. त्याचं काही नाही. मी बांधकामावर उन्हात राबलेला माणूस, सुईला काय भितो. वाईट होतं ते पाण्याचं. गुर्दे काम करत नाहीत म्हणजे पाणी बाहेर पडत नाही, म्हणून पाणी प्यायचंच नाही. दिवसाला एवढंसं मोजून. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा तुटवडा नवा नाही, पण घरात माठ भरलेला असताना तुटवडा हे नवं होतं. म्हातारी तांब्या लपवून ठेवायची. मी संडासच्या नळाकडं बघत बसायचो. एकदा तिनं मला न्हाणीत चूळ भरताना पकडलं.

‘‘थुंका,’’ ती म्हणाली.

‘‘चूळच भरतोय.’’

‘‘चूळ भरणाऱ्याचा कंठ हलत नाय. थुंका.’’

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की असं मशीनवर किती दिवस काढणार, हृदय थकत चाललंय, गुर्दा बदला. पोरगा पुढं आला, तर त्याला साखर. म्हातारी म्हणाली, माझा तपासा. तपासला. रक्त जुळलं, बाकी जे काय जुळायला लागतं तेही जुळलं. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळली नव्हती, आणि आता हे सगळं कसं जुळून आलं कोण जाणे. डॉक्टर खूश, पोरगा खूश. मी म्हटलं, जमणार नाही.

लोकांनी कारणं विचारली. मी वेगवेगळ्यांना वेगवेगळी सांगितली. पोराला म्हटलं, वय झालं. डॉक्टरला म्हटलं, विचार करतो. भावकीत म्हटलं, बायकोच्या अंगातलं काढून घेऊन चौकात फिरणारा माणूस आपल्यात आजवर झाला नाही. हे कारण सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं. आजवर मी कोणाचं फुकट घेतलं नव्हतं, सासऱ्याकडूनही लग्नात नेसत्या कपड्याची मुलगी घेतली होती. आणि एक कारण मी कोणालाच सांगितलं नाही. चांगली चालतीबोलती बाई टेबलावर आडवी करायची, चिरायची, आणि ती उठलीच नाही तर? तो गुर्दा घेऊन मी कुठं जाऊ?

अशा वेळी माझी नात आली. पोराची पोरगी. ती इथंच कॉलेजात बायो-काहीतरी शिकते. मशीनशेजारी स्टूल ओढून बसली आणि मोबाईल काढला.

‘‘आबा, ऐका एक गंमत. डुकराचा गर्भ असतो ना, अगदी सुरुवातीचा, मोहरीपेक्षा बारीक. त्याला स्वतःचा गुर्दा बनवताच येणार नाय, अशी आधीच तजवीज करतात. मग त्या रिकाम्या जागी माणसाच्या पेशी सोडतात. त्या तिथं गुर्दा बनवायला लागतात. माणसाचा.’’

‘‘कोणत्या माणसाचा?’’

‘‘ज्याच्या पेशी त्याचा. पुढंमागं ज्याला गुर्दा पाहिजे त्याच्याच कातडीतून पेशी घेतील, त्यांना परत बाळपणात नेतील आणि सोडतील. मग अंगाला तो परका वाटणार नाय.’’

‘‘म्हणजे गुर्दा माझाच.’’

‘‘तुमचाच.’’

‘‘आणि डुक्कर?’’

‘‘ते फक्त वाढवणार.’’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं शेळी अर्धलीनं पाळायला देतात. शेळी याची, चारापाणी त्याचं. हे तसंच. गुर्दा माझा, राखण डुकराची. कोणाचे उपकार नाहीत, कोणाच्या पोटाला सुरी नाही. डुकराच्या पोटाला आहे, पण आमच्यात डुकराच्या पोटाला सुरी ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

‘‘कधी मिळंल?’’ मी विचारलं.

‘‘आबा, तुमच्यासाठी नाय सांगितलं मी. अजून सगळं प्रयोगातच आहे. पोटात थोडेच दिवस वाढू देतात आणि मग थांबवतात.’’

‘‘का थांबवतात? वाढू द्या की.’’

‘‘पेशी गुर्द्यातच राहतील याची खात्री नाय. काही डुकराच्या मेंदूत जातात. उद्या डुक्कर थोडंसं माणसासारखं झालं तर?’’

हे मात्र खरं भ्यायचं कारण. डुकराला माणसाची अक्कल आली तर बिचाऱ्याची जिंदगी बरबाद. आज दोन डुकरं उकिरड्यावर भेटली तर एकमेकांना हुंगतात आणि आपापलं खायला लागतात. मग आधी विचारतील, तुमचं गाव कोणतं, आडनाव काय. मग म्हणतील, तुम्ही जरा त्या बाजूनं खा. शास्त्रज्ञ लोक उगाच नाही थांबत. डुकरं बिघडू नयेत म्हणून थांबतात.

नातीनं आणखी बरंच सांगितलं. नैतिक का काय प्रश्न, कायदे, वर्षं. मी ‘तुमचाच’ या शब्दापाशी थांबलो होतो, पुढचं ऐकलंच नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर एक साहेब असायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ आवाजाचे, अंगावर घडी न मोडलेला शर्ट. मशीनवरही शर्टाची घडी मोडायची नाही. ते मला ओळखत नव्हते. मी त्यांना आवाजावरून ओळखलं. माझ्या तरुणपणी त्यांच्या कॉलनीमागच्या नाल्यात आमची डुकरं बसायची, आणि हेच गृहस्थ गच्चीवरून ओरडून सांगायचे, डुकरं आवरा, नाहीतर गाडी बोलावतो. बोलवायचेही. डुकरं पकडणारी गाडी आली की माझी माय त्या गाडीमागं धावायची. आता आम्ही दोघं एका भिंतीला शेजारी शेजारी, दोघांच्या हाताला सारख्याच सुया. समानता यायला गुर्दे जावे लागतात, एवढंच.

मी नातीची बातमी त्यांना मुद्दाम मोठ्यानं सांगितली.

‘‘डुकराच्या पोटात?’’ साहेबांनी तोंड वाकडं केलं. ‘‘काका, मी शाकाहारी आहे.’’

‘‘खायचा नाय साहेब. बसवायचाय.’’

‘‘तरी पण. डुक्कर म्हणजे…’’

‘‘गाडी बोलवायची का?’’ मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नाही. पडदा ओढून घेतला. थोड्या वेळानं पडद्याच्या आतून हळूच आवाज आला, ‘‘किती वर्षं लागतील म्हणते तुमची नात?’’

मी म्हटलं, मी तर नंबर लावून मोकळा होणार आहे. आणि झालोही.

यात आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. डुकरं मोकळी फिरतात आणि सगळी काळी, सगळी सारखी. मग कोणाचं कोणतं हे कसं कळावं? म्हणून कान कातरतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची डाव्या कानाला दोन काप. एखादं जनावर कोणासाठी राखून ठेवायचं असेल, नवसासाठी म्हणा की कोणाच्या लग्नासाठी, तर त्याला तिसरा काप द्यायचा. तिसरा काप पडला की ते जनावर त्या माणसाचं. मग कोणी विकायचं नाही, मारायचं नाही, मागायचंही नाही. आणि आधीच्या कापावर नंतर कोणाचा हक्क चालत नाही. भावकीत आम्ही एकमेकांची डोकी फोडली, कोर्टात गेलो, पण तिसऱ्या कापाचं जनावर कोणी बळकावलं नाही. कोर्टापेक्षा कानाला जास्त मान.

माझा पुतण्या अजून डुकरं ठेवतो, हर्सूलच्या पुढं, वस्ती संपते तिथं. मशीनचा दिवस नव्हता असा दिवस बघून मी रिक्षानं गेलो. त्याच्याकडं एक तरणी डुकरीण होती. भरल्या अंगाची, शांत, डोळे स्वच्छ. मला बघून उठून उभी राहिली. आजकाल माझ्यासाठी कोण उठतं?

‘‘हिला तिसरा काप दे,’’ मी म्हटलं.

‘‘कोणाच्या नावानं काका?’’

‘‘माझ्या.’’

‘‘देवाला कबूल केलं का काही?’’

‘‘दवाखान्याला.’’

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या पायाकडं बघितलं. मग त्याला वाटलं असावं की म्हातारा चालला, शेवटची इच्छा आहे. त्यानं वस्तरा घासला, डुकरिणीला दाबून धरलं आणि काप दिला. ती किंचाळली ती हर्सूलच्या तलावापलीकडं ऐकू गेली असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, सवय होईल. मला तर आठवड्यातून तीनदा टोचतात.

घरी येऊन नातीला सांगितलं की डुक्कर पक्कं केलंय, आता तुझ्या शास्त्रज्ञांना कळव. ती हसायला लागली. मग माझं तोंड बघून थांबली.

‘‘आबा, जन्मलेल्या डुकरात नाय करत. गर्भातच, पहिल्या काही दिवसांत.’’

‘‘मग हिच्या पोटच्यात करा. ती गाभण राहीलच की.’’

‘‘आणि ही असली डुकरं नाय चालत. ती वेगळी असतात. बंद खोलीत, गाळलेल्या हवेत वाढवलेली. कुठलाच रोग नसलेली.’’

‘‘म्हणजे डुकरातही वरची जात निघाली म्हण की.’’

‘‘आबा.’’

‘‘नाल्यातल्या डुकराचा गुर्दा तुमच्या सोवळ्यात बसत नाय, असंच ना?’’

ती माझ्या पायाशी बसली. पोरगी हुशार आहे, वाद घालत नाही. ‘‘आबा, ते तुमच्या हयातीत होणार नाय,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या होईल कदाचित. तुम्ही ज्याची वाट बघताय ते अजून नायच. आणि जे आहे ते आत पोळ्या लाटतंय.’’

आत लाटण्याचा आवाज थांबला होता. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ.

‘‘डुकरिणीचा चालतो,’’ ती म्हणाली, ‘‘माझा नाय चालत.’’

‘‘तिच्यात माझाच असणार ना. तुझा तुझा आहे.’’

‘‘तिला कान कापून विचारलं. मला तर तेवढंबी नाय.’’

आणि आत गेली. त्या दिवशी तिनं माझ्याशी एक शब्द काढला नाही. पाण्याचा पेला मात्र वेळेवर आणून ठेवायची, तळ झाकेल एवढा. संध्याकाळी तिनं फोन लावला. कोणाला ते मला दोन दिवसांनी कळलं.

आता माझ्या स्वतःच्या कानाचं थोडं सांगायला पाहिजे. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. दुसरीत मास्तर यायचे आणि आधी वास घ्यायचे. मग माझा कान धरून मला दाराजवळ नेऊन बसवायचे. शिकवणं ऐकू येईल पण वास येणार नाही, असा त्यांनी मधला मार्ग काढला होता. एके दिवशी मी त्यांच्या हाताला हिसडा दिला आणि जो उठलो तो थेट नाल्यावर. पुढं अक्षरं मी साईटवर सिमेंटच्या गोण्यांवरची नावं वाचून पक्की केली. तेव्हापासून ठरवलं की माझ्या कानाला कोणी हात लावायचा नाही.

आणि लग्नात तर कानपिळी असते. मांडवात नवरीचा भाऊ येतो, नवरदेवाचा कान पिळतो आणि म्हणतो, माझ्या बहिणीला नीट ठेवा. मग नवरदेव त्याला टॉवेल-टोपी देतो आणि कान सोडवून घेतो. सगळे हसतात. माझा मेहुणा तेव्हा लहान पोर. त्याला पाटावर उभं केलं होतं माझा कान गाठायला. त्यानं हात वर केला तशी मी मान बाजूला घेतली आणि टॉवेल-टोपी आधीच त्याच्या हातात कोंबली. कान दिला नाही. पोर गोंधळलं, बायका कुजबुजल्या. माझी सासू माझ्या देखत म्हणाली, ‘‘कान पिळला नाय. हा बाबा आयुष्यभर ऐकायचा नाय.’’ बाई दूरदृष्टीची होती.

तो मेहुणा आता स्वतः आजोबा झाला. वेरूळला लेण्यांच्या बाहेर दगडी हत्ती विकतो. स्वतः घासून गुळगुळीत करतो आणि पर्यटकांना सांगतो की प्राचीन आहेत. त्याची बोटं म्हणजे कानस.

मशीनचा दिवस होता. डाव्या हातात सुया बसल्या होत्या, रक्त फिरायला लागलं होतं. म्हातारी नेहमी बाहेर बाकावर बसायची, त्या दिवशी आत आली आणि माझ्या उजव्या बाजूला उभी राहिली. तिनं माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटलं, राग गेला. मायेनं धरला. मीही जरा मऊ झालो. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि मेहुणा आत आला. डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल, एसटीतून उतरून सरळ इथंच.

‘‘रामराम दाजी. तब्येत?’’

‘‘बघतोस की.’’

‘‘आमची एक कानपिळी राहिलीय.’’

‘‘टॉवेल-टोपी दिली होती.’’

‘‘टोपी कव्हाच फाटली. कान हाय अजून.’’

आणि त्यानं धरला. उजवा कान. मी हात वर करायला गेलो तर तो म्हातारीनं दोन्ही हातांनी दाबून धरलेला. चाळीसएक वर्षं भाकरी थापलेले हात, सुटणार कसे. डावा हात हलवला तर सुया निघतील. सिस्टर धावत आली.

‘‘काय चाललंय मामा?’’

‘‘लग्नातलं राहिलंय बाई,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘पाच मिनिटं.’’

सिस्टरनं माझा डावा हात तपासला. ‘‘काका, हा हात हलवायचा नाय हां,’’ एवढं बोलून ती दुसऱ्या पलंगाकडं गेली. सरकारी माणूस असो नाहीतर खासगी, अडचणीच्या वेळी सगळे नियमानंच वागतात. शेजारी साहेबांनी त्यांचा पडदा हळूच दोन बोटं बाजूला केला. त्यांच्या कॉलनीत टीव्ही होता, पण असलं कुठं बघायला मिळणार.

‘‘काय पायजे तुला?’’ मी विचारलं.

‘‘मागायला नाय आलो. द्यायला आलो. आमच्या बहिणीचं घ्या.’’

‘‘मी डुकरीण ठरवलीय.’’

‘‘ऐकलं. तिसरा काप दिला म्हणं.’’ त्यानं आणखी एक पीळ दिला. ‘‘दाजी, तुमच्यातली रीत काय हाय? आधीचा काप कोणाचा, त्याचा हक्क. व्हय का नाय?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग आमच्या बहिणीच्या नावाचा काप तुमच्यावर कव्हाचा हाय?’’

मी जराही न थांबता बोललो, कारण कायद्यात मी पक्का. ‘‘पडलाच नाय. मांडवात कान दिला नव्हता मी. साक्षीदार हाय सगळे.’’

‘‘म्हणून तर आता देतोय,’’ मेहुणा म्हणाला, आणि कानस फिरावी तशी बोटं फिरली. डोळ्यात पाणी आलं माझ्या. डॉक्टरांनी मोजून दिलेलं पाणी असं वाया गेलं.

मग म्हातारी बोलली. माझ्याकडं न बघता, मशीनमधल्या लाल नळीकडं बघत.

‘‘लोकांच्या भिंती बांधल्या जन्मभर. कोणी गिलावा करू लागलं तर म्हणायचे, हात लावू नको, माझी मी करतो. घरातबी तसंच. आजारपण माझं मी करतो, मरण माझं मी मरतो. मग मला आणलं कशाला होतं?’’

‘‘तुला काही झालं तर?’’ मी म्हणालो.

हे मला म्हणायचं नव्हतं. कान ओढला की तोंड उघडतं आणि आतलं बाहेर पडतं, मास्तरांनाही हे ठाऊक असावं. मेहुण्याची बोटं जरा सैल झाली. म्हातारीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

‘‘हे आधी का नाय बोलले? जगभर सांगत सुटले, बायकोचं घ्यायला लाज वाटते.’’

‘‘तेबी खरंच हाय.’’

‘‘झालं तर झालं,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टर म्हणतात होत नाय. पण रोज तांब्या लपवून ठेवायचा, आणि माणूस नळाकडं बघत बसलेलं बघायचं, हे मला झेपत नाय. तुमचं मरण मी पेल्यानं मोजतेय. ते मोजायचं बंद करा.’’

मशीनचा पंप तेवढा फिरत होता. पलीकडून साहेबांनी घसा खाकरला.

‘‘सोड आता,’’ मी मेहुण्याला म्हणालो.

‘‘आधी व्हय म्हणा.’’

‘‘व्हय.’’

‘‘मोठ्यानं. मांडव मोठा होता.’’

‘‘व्हय म्हटलं ना.’’

त्यानं कान सोडला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याच अंगावर टाकला. नवरीच्या भावानं नवरदेवाला टॉवेल दिल्याचं हे पहिलंच लग्न असेल. मी अट घातली की आधी ती उठली पाहिजे, ती चालली पाहिजे, मग मी पाण्याला तोंड लावीन. म्हातारी म्हणाली, अटी कसल्या घालता, तुमच्याकडं द्यायला काय उरलंय.

पुढची दगदग सांगत बसत नाही. सह्या, तपासण्या, समितीपुढं बसून आम्ही नवराबायकोच आहोत हे सिद्ध करणं. समितीतल्या एकीनं म्हातारीला विचारलं, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली का? ती म्हणाली, मी केली. त्यांना ते कुठं बसवावं कळेना.

ऑपरेशन झालं. मला जाग आली तेव्हा पोटात उजव्या बाजूला दगड ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि अंगाला लावलेल्या पिशवीत लघवी पडत होती. लघवी पडते म्हणून दवाखान्यातले लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. आयुष्यभर मी इमारती उभ्या केल्या, कोणी ‘वा’ म्हटलं नव्हतं. मी पहिलं विचारलं, ती उठली का? नाही, झोपलीय. पाणी देऊ का? नको. दुसऱ्या दिवशी विचारलं, चालली का? सिस्टर म्हणाली, चालताहेत, पण तुम्हाला संसर्ग होईल म्हणून आत सोडत नाही. माझ्या पोटात तिचा गुर्दा चालतो, पण ती स्वतः आली तर संसर्ग. शिकलेल्यांचं गणित आपल्याला कळत नाही. पाण्याला मी तोंड लावलं नाही. सलाईन चालू होतं, त्यामुळं कोणाचं माझ्यावाचून अडलं नाही, पण शब्द तो शब्द.

नातीनं मधल्या वेळात डुकरिणीची खबर आणली. व्याली होती, ढीगभर पिलं. पुतण्या कपाळाला हात लावून बसला होता, कारण तिसरा काप असल्यानं ती विकता येईना आणि मी मेलोही नाही. आता ती हर्सूलला जन्मभर बिनकामाची खाणार. सरकारी पेन्शन म्हणतात ती हीच. साहेब अजून मशीनवरच होते. त्यांना देणारं घरात कोणी नव्हतं. एकदा नातीजवळ त्यांनी चौकशी केली, डुकरांचं पुढं काही कळलं का म्हणून. नंतर हळूच विचारलं, काकांची ती आता मोकळी असेल ना? मी निरोप दिला की कापाचं जनावर देता येत नाही, पण पिलं आहेत, साहेबांनी येऊन पसंत करावीत. नातीला वेगळं सांगितलं की तुझ्या शास्त्रज्ञांना म्हणावं जरा हात चालवा, माणसं थांबलीत.

आणि मग म्हातारी आली. तोंडाला मास्क, अंगावर हिरवा झगा, एका हातानं कुशी धरलेली. दारापासून पलंगापर्यंत चालली. मी पावलं बघत होतो. वाकडी पडत होती, पण तिचीच होती. पलंगाशी पोचल्यावर तिनं स्टीलचा पेला उचलला आणि माठातून भरावा तसा जगमधून काठोकाठ भरला. इतका भरलेला पेला मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो.

‘‘प्या,’’ ती म्हणाली.

‘‘तू बस आधी.’’

‘‘तुम्हाला नाय देत. माझ्या गुर्द्याला तहान लागली असंल. प्या.’’

मी प्यालो. तिनं पेला परत भरला.